माशाची साक्ष

आषाढात आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वर्धापनदिनानिमित्त एक परिसंवाद झाला. विषय होता 'स्त्री, पुरुष आणि निसर्ग'. हा विषय कुणी सुचवला ते मला शेवटपर्यंत कळले नाही. बहुधा कार्यकारी मंडळातल्या तिघांनी एकेक शब्द सुचवला असावा. वक्ते दोन होते. पहिले गृहस्थ वयोवृद्ध, भारदस्त, आवाज खणखणीत. त्यांनी सांगितले की, पुरुष तो पुरुष आणि स्त्री ती स्त्री; ही रेघ माणसाने आखलेली नाही, निसर्गाने आखलेली आहे; ती पुसू पाहणारे ते विकृत; सृष्टीत कोठेही, किडामुंगीतसुद्धा, असा विपरीत प्रकार आढळणार नाही. टाळ्या झाल्या. मग दुसरे वक्ते उठले. हे तरुण प्राध्यापक. त्यांनी खिशातून कागद काढला नाही, घसा खाकरला नाही, एवढेच म्हणाले, "विदूषक मासा नराचा मादी होतो. आता बोला!" पुन्हा टाळ्या झाल्या, आणि पहिल्यापेक्षा अधिक झाल्या. टाळ्या वाजवणारे हात मात्र दोन्ही वेळा तेच होते.

मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि मला दोघांचाही राग येत होता. पहिल्यांचा येणे ठरलेलेच होते. दुसऱ्यांचा का यावा? ते तर माझ्याच बाजूचे. घरी येताना वाटभर हा विचार करीत होतो, आणि तेथे मला जे बोलायला सुचले नाही ते येथे लिहीत आहे.

आधी मासा. कारण तो बिचारा त्या दिवशी सभेत नुसता नावापुरता आला आणि गेला. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकला संपले. तेव्हा पुढचे सारे वाचलेले आहे, माझ्या पदरचे काही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ पोवळ्यांच्या खडकांची जी अवाढव्य रांग आहे, तिच्यात हेरॉन नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथे रॉस रॉबर्टसन नावाच्या संशोधकाने एका बोटभर माशावर पाळत ठेवली. हा मासा सफाईचे काम करतो. मोठमोठे मासे त्याच्यापुढे येऊन स्थिर उभे राहतात, आ वासतात, आणि हा त्यांच्या अंगावरची, कल्ल्यांतली, प्रसंगी जबड्यात शिरून आतली कीड वेचून खातो. त्यांच्यात एक नर आणि त्याच्या हद्दीत तीनपासून सहापर्यंत माद्या, अशी वस्ती असते. माद्यांत थोरली, मधली, धाकटी असा आकाराप्रमाणे क्रम. नर रोज आपल्या हद्दीतून फेरी मारतो आणि प्रत्येकीला, विशेषतः थोरलीला, धाक घालतो. रॉबर्टसनने नर काढून घेतला आणि काय होते ते पाहत बसला. दीड-दोन तासांत थोरल्या मादीने नराचा धाक घालण्याचा पवित्रा उचलला! काही दिवसांत ती हद्दीची फेरी नरासारखीच मारू लागली. आणि दोन ते अडीच आठवड्यांत तिच्या देहात अंड्यांच्या जागी शुक्र तयार झाले. उरलेल्या माद्यांच्या अंड्यांचा बाप आता ती. १९७२ साली हे प्रसिद्ध झाले. ती मादी नर व्हायला कायमच तयार होती; नराचा धाक होता म्हणून अडली होती.

प्राध्यापकांचा विदूषक मासा याच्या बरोबर उलट आहे. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. तो समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बाहूंमध्ये राहतो. इतरांना जे विष, ते याचे घर. एका फुलात एक जोडपे आणि त्याखाली काही अविवाहित उमेदवार. सर्वांत मोठी ती मादी, दुसरा तो नर, बाकीचे ना धड नर ना मादी. मादी मेली की नर मादी होतो, आणि उमेदवारांतला थोरला नर होऊन त्याच्या जागी येतो. १९७७ मध्ये हान्स फ्रिके प्रभृतींनी हे मांडले. पुढे पीटर बस्टन नावाच्या संशोधकाने पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर या वस्त्यांचे मापन केले, तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. रांगेतला प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहान राहतो. आपोआप नव्हे, तो आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या आकाराच्या फार जवळ गेला तर त्याला फुलाबाहेर हाकलतात, आणि फुलाबाहेर त्या दुबळ्या पोहणाऱ्याला मरणच. तेव्हा तो वर्षानुवर्षे खुजा राहून वाट पाहतो. आमच्या खासगी शाळांत विनाअनुदान तत्त्वावर वाट पाहणारे शिक्षक मी पाहिले आहेत; हे वाचताना मला ते आठवले, हे लपवून काय उपयोग?

मग एक जात मादीची नर होते आणि दुसरी नराची मादी, हे कसे? याचे उत्तर मायकेल गिसेलिन याने १९६९ मध्ये दिले आणि ते निव्वळ हिशेबाचे आहे. जेथे एक थोराड नर पुष्कळ माद्या राखू शकतो, तेथे लहानपणी नर होण्यात फायदा नाही. मोठ्या नरापुढे टिकाव लागणार नाही. तेव्हा लहानपणी मादी होऊन अंडी घालावी, अंगाने भरल्यावर नर व्हावे. विदूषक माशाचे तसे नाही. त्याच्या फुलात जोडपे एकच. त्या एका मादीच्या अंड्यांना पुरेल इतके शुक्र चिमुकल्या नराजवळही असते. पण अंडी किती, हे मादीच्या आकारावर ठरते. तेव्हा जो मोठा त्याने मादी व्हावे. पोवळ्यांच्या फांद्यांत राहणारे काही गोबी मासे तर दोन्हीकडे जातात: जोडीदार कोण मिळतो ते पाहून मादीचे नर, नराचे मादी. (रामायणातला इल राजा महिनाभर पुरुष, महिनाभर स्त्री, अशी कथा आपण लहानपणी ऐकतोच, तिला शाप लागला होता, गोबीला लागत नाही.) अशा लिंग पालटणाऱ्या माशांच्या पाचशेच्या आसपास जाती आज माहीत आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या निळ्या डोक्याच्या एका माशावर तर अमेरिकन संशोधकांनी असा प्रयोग केला की, मोठ्या मादीची अंडाशयेच काढून टाकली आणि मग नर दूर केला. तरीही ती नरासारखी वागू लागली. म्हणजे बदल आधी मेंदूत, मग पोटात.

एवढे जाणून घेतल्यावर आता त्या दोन वक्त्यांकडे वळू.

पहिल्या गृहस्थांशी माझे भांडण सोपे आहे. "सृष्टीत असे कोठेही नाही" असे म्हणणाऱ्याने आधी सृष्टी पाहावी. पण मूळ दोष अज्ञानाचा नाही; पद्धतीचा आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे, या खटल्यात निसर्गाला साक्षीदार म्हणून प्रथम कुणी उभे केले? यांनीच. १८६० साली इंग्रजांनी दंडसंहितेत कलम ३७७ घातले. त्याचे शब्द 'निसर्गक्रमाविरुद्ध' असे होते. दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या दोन-तीन शब्दांच्या जोरावर माणसांना धाकात ठेवले. निसर्गक्रम कोणता, तो कुणी पाहिला, कोणत्या समुद्रात, किती खोलीवर, हे विचारण्याची गरज कुणालाच वाटली नाही. आणि आता कुणी मासा आणून पुढे ठेवला, तर हेच लोक म्हणतात, "माणूस काय मासा आहे?" वा! साक्षीदार आपल्या बाजूने बोलेल तोवर निसर्ग थोर, उलट बोलला की जलचर! ज्याने साक्षीला बोलावले त्याला उलटतपासणी चुकवता येत नाही. एवढे त्यांना सांगून मी मोकळा होतो.

दुसऱ्यांचे मात्र इतके सोपे नाही, कारण तेथे मला स्वतःलाही धरावे लागते.

प्राध्यापकमहाराज, तुम्ही मासा आणलात, पण अर्धाच आणलात. नराचा मादी होतो एवढे सांगितलेत आणि बाकीचे समुद्रात ठेवून आलात. तुमच्या विदूषक माशाच्या घरात स्वातंत्र्य आहे काय? तेथे आहे ती उतरंड. प्रत्येकाने वरच्यापेक्षा लहान राहायचे, भूक मारायची, मान वर केली की मरणाच्या दारात ढकलले जायचे. आणि तो जो नर मादी होतो तो आपल्या मनाने होत नाही. वरची जागा रिकामी झाली म्हणून होतो. सफाई करणाऱ्या माशांची थोरली मादी नर होते, आणि नर होताच पहिले काम काय करते? कालच्या सोबतिणींना धाक घालते. हे सारे तुम्ही माणसाला लागू करणार काय? नाही करणार, करूही नये. मग माशाचे जे सोयीचे तेवढे घ्यायचे आणि गैरसोयीचे टाकून द्यायचे, हे त्या पहिल्या गृहस्थांनी केले त्याहून वेगळे ते काय? त्यांनी निसर्गाची एक बाजू झाकली, तुम्ही दुसरी.

शिवाय ज्या माणसांच्या कैवारासाठी तुम्ही हे केलेत, त्यांच्याशी माशाचे काही साम्यच नाही. सस्तन प्राण्यांत असे आपोआप होणारे लिंगांतर नाही. एखादा माणूस म्हणतो, "मला ज्या नावाने, ज्या वेषाने तुम्ही ओळखता तो मी नव्हे", तेव्हा त्याला कुणाची रिकामी जागा भरायची नसते. बहुतेक वेळा त्याला असलेली जागाही सोडावी लागते. घर, शाळा, नोकरी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना त्यांची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१८ मध्ये ते ३७७ कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते मोडीत काढले. (२०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलम नाहीच.) हे निकाल टिकून आहेत ते समता, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांसंबंधीच्या घटनेतल्या अनुच्छेदांवर. समजा उद्या समुद्रातला एकही मासा लिंग पालटत नाही असे सिद्ध झाले. तर त्या माणसांचे हक्क रद्द करायचे काय? माशावर उभारलेली प्रतिष्ठा माशाबरोबरच सडते.

मी हे शहाणपण आज सांगतो आहे, पण मला ते एका मुलाच्या जिवावर मिळाले आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे नववीच्या वर्गात एक मुलगा होता. हात हलवून बोलायचा, मुलींबरोबर डबा खायचा, आवाज बारीक. अशा मुलाला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे. मला येथे लिहायचे नाही. मी त्याला चिडवणाऱ्यांना रागावलो असतो तर चार दिवस गप्प बसले असते. पण मी कादंबरीकार! मला आडून बोलण्याची हौस. एका मोकळ्या तासाला मी वर्गाला पोवळ्यांच्या बेटांवर नेले. सफाई करणारा मासा सांगितला, विदूषक मासा सांगितला, फळ्यावर रंगीत खडूने समुद्रफूल काढले. मुले डोळे मोठे करून ऐकत होती. तोही ऐकत होता. तास संपला तेव्हा मला वाटले, आपण काहीतरी केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बाकावर खडूने मासा काढलेला होता. त्याचे नवे नाव पडले होते. २००३ साली निघालेल्या त्या प्रसिद्ध इंग्रजी चित्रपटातल्या विदूषक माशाच्या पिल्लाचे नाव; कारण मीच तो चित्रपट उदाहरणादाखल सांगितला होता. (त्यात आई मरते आणि बाप पिल्लाला शोधत समुद्रभर हिंडतो. खऱ्या समुद्रात बाप तोवर मादी होण्याच्या वाटेला लागला असता, हेही मीच, विनोद म्हणून, सांगितले होते.) जुन्या शिवीला निदान जुनेपणाचा बोथटपणा आला होता, ही नवी, धारदार, आणि गुरुजींच्या तोंडून आलेली. त्याच आठवड्यात एका पालकाची तक्रारही आली, आणि मला बोलावून "मासे राहू द्या, समास घ्या" असे सांगण्यात आले. तक्रारीचे मला फारसे वाईट वाटले नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि खटले सोसले. त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्याने एका तक्रारीने रडू नये. वाईट वाटले ते त्या बाकावरच्या खडूचे. तो मुलगा ओल्या फडक्याने बाक पुसत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. दहावीला त्याने शाळा बदलली.

त्याला माशाची साक्ष नको होती. वर्गात उभे राहून "याला कुणी या नावाने हाक मारायची नाही, का ते विचारायचे नाही" असे एक वाक्य बोलणारा मास्तर हवा होता. ते वाक्य बोलायला मला धीर नव्हता, म्हणून मी समुद्र आणला. प्राध्यापकांनाही पाचशे माणसांसमोर ते सरळ वाक्य बोलता आले असते. त्यांनीही मासाच आणला.

आम्हा लिहिणाऱ्यांना तर ही खोडच आहे. कुठल्याही प्राण्याला आम्ही त्याच्या घरी राहू देत नाही. हंसाला नीरक्षीराला जुंपतो, चातकाला तहानेला, आणि आता या माशाला नव्या युगाच्या दिंडीत. शास्त्रज्ञही अगदीच निर्दोष नाहीत. त्यांच्या लेखांतून 'जनानखाना' आला, 'राणी' आली. अगदी मीही वर 'अविवाहित उमेदवार' म्हणून गेलो. मासा मुका असल्यामुळे त्याची हरकत नोंदवली जात नाही.

आणि ज्या एका ठिकाणी या लिंगपालटाचा माणसाशी खरोखर संबंध येतो, तेथे मात्र दोन्ही वक्ते गप्प होते. ते ठिकाण म्हणजे मासळीबाजार.

आपण ज्याला गोबरा म्हणतो आणि मालवणाकडे ज्याला हेकरू म्हणतात, त्या खडकाळ समुद्रातल्या माशाच्या कुळात बहुतेक जाती आधी मादी आणि मोठेपणी नर. आता मासेमारी कशी चालते? मोठा मासा आधी, कारण त्याला भाव. म्हणजे आपण नेमके नर वेचून काढतो. मेक्सिकोच्या आखातात याच कुळातला गॅग नावाचा मासा आहे. १९७० च्या दशकात त्यांच्यात शंभरात सतरा नर होते, ते १९९० च्या दशकापर्यंत दोनच्या घरात आले. माद्या आहेत, अंडी आहेत, बाप नाही. "मग उरलेल्या माद्या नर होतील की!" असे कुणी म्हणेल. होतातही, पण त्यालाही अंगाने वाढावे लागते, आणि वाढायच्या आत तीही जाळ्यात. पोवळ्यांच्या समुद्रातला अतिशय धिप्पाड असा नेपोलियन मासा (दोन मीटरांपर्यंत वाढतो, तोही आधी मादी, मग नर) हाँगकाँगच्या खाणावळींत काचेच्या टाकीतून जिवंत निवडून खाल्ला जातो. २००४ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले, इतकी वेळ आली.

आणि आपला जिताडा? तो पोवळ्यांचा नव्हे, खाडीचा. पण गोष्ट तीच, उलट्या दिशेने. जिताडा जन्मतो, वाढतो तो नर म्हणून. तीन-चार वर्षांचा नर. सहा-आठ वर्षांचा झाला, हातभराहून मोठा झाला, की मादी. म्हणजे रायगड जिल्ह्यात ज्या मोठ्या जिताड्याचा मान, जो जावयासाठी राखायचा, आणि (खोटे कशाला बोला) कचेरीत अडलेले काम सोडवायला साहेबांच्या घरी पोचवायचा, तो जवळजवळ नेहमी मादी. त्या खाडीतल्या पुढच्या सगळ्या जिताड्यांची आई. २०२३ साली महाराष्ट्रात ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवण्यात आला. त्याहून लहान मासा धरायचा नाही. चांगली गोष्ट झाली. पण लहानाला वाचवून मोठ्याला मोकळे रान, हा नियम जन्मभर एकाच लिंगात राहणाऱ्या माशाला पुरेल. जिताड्याला आणि गोबऱ्याला तो अपुरा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर याच जिताड्याला वरचीही मर्यादा आहे: १२० सेंटिमीटरांहून लांब असला तर पाण्यात परत सोडायचा. आपल्याकडे अशी मर्यादा मागायला कोणता परिसंवाद भरला? निसर्गक्रम, निसर्गक्रम म्हणून ओरडणाऱ्यांना हा निसर्गक्रम मोडताना दिसत नाही, आणि माशाला क्रांतिकारक ठरवणाऱ्यांना त्याच्या पोटातली अंडी दिसत नाहीत.

परिसंवादानंतर वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घरी जेवण होते. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, पण खाडीतली होडी कोण अडवतो? जिताडा आला होता. डोके मानाप्रमाणे पहिल्या वक्त्यांच्या ताटात गेले. गाबोळी वेगळी तळून आणली होती, पिवळीधमक. दोन्ही वक्ते शेजारी शेजारी बसले होते आणि आता त्यांच्यात कसलाच मतभेद नव्हता. दोघांनीही गाबोळी दुसऱ्यांदा मागून घेतली. मीही घेतली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या दारी नेहमीची कोळीण आली. पाटी उतरवली, वरचे फडके बाजूला केले. "मास्तर, यो घ्या. गाबोलीचा हाय." मी तिला विचारले, मोठा जिताडा नेहमी गाबोळीचाच कसा निघतो? तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पाऊस वरून का पडतो असे विचारले.

"ल्हान व्हता तवा नर व्हता. मोठा झाला का मादी. त्यात इचाराचा काय?"

मग घेणार की नाही ते बोला, म्हणाली. मी त्यातला लहान दाखवा म्हटले. तिने कपाळाला आठ्या घालून पाटीच्या तळाशी हात घातला.